घरात आणि ऑफिसात नेटवर्क केबल टाकताना: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत घराचं काम काढलं की टाइल्सवर, किचनच्या ट्रॉल्यांवर आणि बाथरूमच्या नळांवर महिनाभर चर्चा होते. नेटवर्क केबलचा विषय निघतो तो पीओपीवाला शिडी घेऊन दारात उभा राहिल्यावर, आणि मग वायरमन जी केबल हाताशी असेल ती ओढून मोकळा होतो. राउटर चार-पाच वर्षांत बदलला जातो, लॅपटॉप त्याच्याही आधी. भिंतीत गेलेली केबल मात्र पुढचं रिनोव्हेशन निघेपर्यंत तिथेच राहते. म्हणून खर्चात कपात करायचीच असेल तर ती राउटरमध्ये करा. केबल आणि ती लावणाऱ्याची मजुरी यांत करू नका. खालचे प्रश्न फ्लॅटमालक, सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि छोट्या ऑफिसांचे मालक नेहमी विचारतात तेच आहेत.

वाय-फाय असताना केबल हवीच कशाला?

फोनला नको. पण एका जागी ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला हवी: टीव्ही, कामाच्या टेबलावरचा कॉम्प्युटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाय-फायचा सिग्नल सोडणारा डबा, म्हणजे स्वतः वाय-फायचा अ‍ॅक्सेस पॉइंट. आपल्याकडे फायबरवाला मुख्य दारातून तार आत आणतो आणि त्याचा डबा चपलांच्या कपाटावर बसवून जातो. तिथून शेवटच्या बेडरूमपर्यंत मध्ये आरसीसीचे दोन कॉलम, एक भिंत आणि लोखंडी कपाट. सिग्नल तिथे पोहोचेपर्यंत त्यात जीव उरत नाही. शिवाय टॉवरमध्ये वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांचे वाय-फाय त्याच चॅनलवर भांडत असतात. बेडरूमच्या बाजूला केबलवर चालणारा दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावला की हा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच मिटतो.

ट्विस्टेड पेअर म्हणजे काय? तारांना पीळ कशासाठी?

केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्यांमध्ये पिळलेल्या. प्रत्येक जोडीतल्या एका तारेवर सिग्नल जातो आणि दुसरीवर त्याच्या बरोबर उलटा. पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक वाचतं. बाहेरून ट्यूबलाइटचा, लिफ्टच्या मोटरचा किंवा एसीच्या वायरीचा त्रास आला, तर पिळामुळे तो दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच बसतो आणि फरक काढताना निघून जातो. चारही जोड्यांचा पीळ एकमेकींपेक्षा वेगळा ठेवलेला असतो, म्हणजे त्या आपापसांतही लुडबुड करत नाहीत.

ही कल्पना कॉम्प्युटरच्या खूप आधीची. अलेक्झांडर ग्रॅहम बेलला तारा पिळण्याचं पेटंट मिळालं १८८१ साली, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. पिळलेल्या तारांवरून इथरनेट (कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडायची पद्धत) चालवण्याचं मानक १९९० मध्ये आलं आणि त्याच प्रकारच्या तारांवर आज सेकंदाला १० गिगाबिट डेटा जातो. पुढे जे काही 'करा' आणि 'करू नका' लिहिलंय, त्यातलं बरंचसं या पिळाशी येऊन थांबतं: तो जपला तर केबल काम करते, मोडला तर करत नाही.

कॅट ५ई, ६, ६ए यांपैकी कोणती घ्यावी?

कॅट म्हणजे कॅटेगरी, केबलचा दर्जा. नव्याने टाकत असाल तर घरासाठी आणि छोट्या ऑफिससाठी कॅट ६. बहुतेक लोकांना इथेच थांबता येईल.

कारणं समजून घ्यायची असतील तर असं आहे. कॅट ५ई १०० मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली असते आणि १०० मीटरवर १ गिगाबिट आरामात देते. २०१६ च्या मानकानंतर ती २.५ गिगाबिटही देते. कॅट ६ ची तपासणी २५० मेगाहर्ट्झपर्यंत होते. तिच्यावर १०० मीटरपर्यंत ५ गिगाबिट चालतं, आणि अंतर कमी असेल तर १० गिगाबिटही: चांगल्या परिस्थितीत ५५ मीटरपर्यंत, बऱ्याच केबल्स एकमेकींना चिकटून बांधल्या असतील तर ३७ मीटरच्या आसपास. कॅट ६ए ५०० मेगाहर्ट्झची, पूर्ण १०० मीटर १० गिगाबिट.

आता मुंबईचा फ्लॅट बघा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वर-खाली धरूनही, केबलची धाव पंचवीस-तीस मीटरच्या पुढे क्वचितच जाते. म्हणजे घरातली कॅट ६ उद्या १० गिगाबिटचीही गरज भागवू शकते. कॅट ६ए जाड असते, कमी वळते आणि तिचे जॅकही (भिंतीतले सॉकेट) मोठे असतात. आपल्याकडच्या उथळ बॉक्समध्ये ते कोंबताना जोड्या दाबल्या जातात आणि जास्त पैसे देऊन मिळवलेला फायदा तिथेच जातो. लांब पल्ल्याचं मोठं ऑफिस, व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ, सर्व्हर रूम अशा ठिकाणी मात्र कॅट ६एच घ्या.

ऑनलाइन कॅट ७ आणि कॅट ८ स्वस्तात दिसतात. त्या आणखी चांगल्या ना?

नाही. कॅट ७ ला अमेरिकन मानक मान्यताच देत नाही, आणि आंतरराष्ट्रीय मानकात तिचे कनेक्टर वेगळे आहेत. नेहमीचा आरजे-४५ प्लग लावून 'कॅट ७' म्हणून विकल्या जाणाऱ्या चपट्या केबल्सबद्दल त्या नावावरून काहीच खात्री देता येत नाही. कॅट ८ खरी आहे, पण ती डेटा सेंटरमधल्या ३० मीटरच्या आतल्या अंतरासाठी आहे. घरात तिचं काम नाही.

केबल शुद्ध तांब्याची आहे की सीसीए, हे कसं ओळखायचं?

सगळ्यांत जास्त फसवणूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सीसीए म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. बाहेरून तार तांब्यासारखीच दिसते, खोक्यावर कॅट ६ लिहिलेलं असतं, आणि किंमत इतकी कमी असते की मोह होतो. कॅट ५ई, ६ किंवा ६ए यांपैकी कुठल्याच मानकात सीसीए बसत नाही. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त असतो. अ‍ॅल्युमिनियम ठिसूळ असल्याने पंच करताना (जॅकमध्ये दाबून बसवताना) किंवा वाकवताना तार आतल्या आत तुटते. जोडावर ते हळूहळू गंजतं, आणि मुंबईच्या दमट हवेत जरा लवकरच.

दुकानातच करता येण्यासारखी पहिली तपासणी ब्लेडची. केबलचं टोक दोन-तीन इंच सोला, एका तारेचं प्लास्टिक काढा आणि धारेने तारेला लांबीच्या दिशेने खरवडा. तांबं असेल तर कितीही खोल गेलात तरी लालसरच राहील. सीसीए असेल तर दोन-तीन ओरखड्यांत पांढरी चकाकी वर येते. मग तीच तार बोटांनी एकाच जागी पुढे-मागे वाकवा. अ‍ॅल्युमिनियम थोड्याच वेळात कट्‌दिशी तुटतं. तांबं बराच वेळ तग धरतं.

दुसरी तपासणी वजनाची. पूर्ण बॉक्समध्ये ३०५ मीटर केबल असते. त्यात २३ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकी तार बारीक) आठ तारा धरल्या तर नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या पुढे भरतं. तेवढ्याच सीसीए तारा अडीच किलोच्याही आत राहतात. दोन बॉक्स शेजारी ठेवून एकेका हाताने उचलले तर फरक लगेच जाणवतो.

तिसरी तपासणी मल्टिमीटरची, आणि हिच्यापुढे कुणाची बडबड चालत नाही. बॉक्स उघडला की आतलं दुसरं टोक सापडतं. एका टोकाला एका जोडीच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून जोडा आणि दुसऱ्या टोकाला त्याच जोडीचा रोध मोजा. ३०५ मीटर शुद्ध तांबं, २३ गेज असेल तर आकडा ४० ते ४६ ओहमच्या दरम्यान येतो. २४ गेज असेल तर ५० ते ५५. साठीच्या पुढे गेला की तो बॉक्स परत करा.

लॅमिंग्टन रोडवरून घ्यावी की ऑनलाइन?

ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाता येतं आणि माल हातात घेऊन बघता येतो, हा लॅमिंग्टन रोडचा मोठा फायदा. वरच्या तिन्ही तपासण्या तिथे होऊ शकतात. एकच पथ्य पाळा: पक्कं बिल घ्या आणि त्यावर 'कॅट ६, २३ गेज, शुद्ध तांबं' असं लिहून घ्या. हे लिहायला जो दुकानदार का-कू करतो, त्याच्याकडून केबल घेऊ नका.

केबलच्या जॅकेटवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. उघडलेला बॉक्स घेत असाल तर दोन्ही टोकांचे आकडे वजा करून बघा, उरलेली लांबी लगेच कळते.

सॉलिड आणि स्ट्रँडेड यांत काय फरक?

भिंतीत सॉलिड, म्हणजे एकसंध तारेची. भिंतीतल्या जॅकपासून कॉम्प्युटरपर्यंतची छोटी, हलणारी पॅच कॉर्ड स्ट्रँडेड, म्हणजे बारीक तारांचा जुडगा असलेली. पॅच कॉर्ड तयारच विकत घ्या. ती घरी क्रिम्प करून, म्हणजे टोकांना प्लग दाबून बसवून, वाचणारे पैसे अगदी किरकोळ असतात, आणि बिघाड मात्र नेमका तिच्यातच निघतो.

शिल्ड असलेली केबल घेतली तर जास्त सुरक्षित नाही का?

शिल्डचं काम तेव्हाच होतं जेव्हा तिला जॅक, पॅनल आणि रॅकमार्फत नीट अर्थिंग मिळतं. आपल्या जुन्या इमारतींमध्ये अर्थिंग कुठल्या अवस्थेत आहे हे वायरमनला विचारून बघा. अर्थिंग नसलेली शिल्ड उपयोगाची नाही, कधीकधी ती उलट त्रास पकडून आणते. घरात साधी शिल्डविरहित कॅट ६ बस्स. लिफ्टच्या मशीन रूमजवळून जाणारी केबल, वेल्डिंगचा वर्कशॉप, एक्स-रे मशीन असलेलं क्लिनिक, अशा जागी शिल्ड घ्या आणि अर्थिंगचं काम जाणकाराकडून करून घ्या.

नवीन फ्लॅटचा ताबा मिळालाय, इंटिरिअर सुरू होतंय. पॉइंट कुठे आणि किती ठेवू?

सुतार यायच्या आधी ठरवा. पुनर्विकासानंतर मिळालेल्या घरांत बिल्डरने बहुधा हॉलमध्ये एक टेलिफोनचा पॉइंट दिलेला असतो, तो पुरत नाही.

आधी मध्यवर्ती जागा ठरवा, जिथे फायबरचा डबा, राउटर आणि नेटवर्कचा स्विच (सगळ्या केबल्स एकत्र जोडणारा डबा) राहतील. कपाटाचा वरचा कप्पा चालेल, पण त्याला मागून हवा हवी आणि आत विजेचे दोन-तीन सॉकेट हवेत. बाथरूमला लागून असलेली भिंत टाळा. ओल तिथूनच उतरते. त्या जागेपासून प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र केबल टाका, एकीतून दुसरी फोडू नका. टीव्हीमागे दोन, कामाच्या टेबलाशी दोन, प्रत्येक बेडरूममध्ये किमान एक. आणि लोक जे हमखास विसरतात ते: अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी पॅसेजच्या छतात एक. पीओपी झाल्यावर ती टाकता येत नाही. दाराबाहेर कॅमेरा किंवा व्हिडिओ डोअरबेल लावायचा विचार असेल तर तिथेही एक ओढून ठेवा.

पाइप २५ मिलिमीटरचा घ्या. कागदावरच्या हिशेबाने त्यात पाच कॅट ६ बसतात. वळणं आली की तीन-चारवर थांबा. शक्य असेल तिथे एक रिकामा पाइप आत नायलॉनची दोरी ओवून ठेवा. दहा वर्षांनी कुणाला फायबर ओढायची झाली तर भिंत फोडावी लागणार नाही.

विजेच्याच पाइपातून नेली तर काम लवकर होतं, असं वायरमन म्हणतो.

होतं, पण करू देऊ नका. पहिली गोष्ट जिवाची. २३० व्होल्टच्या वायरीचं इन्सुलेशन कधी वितळलं किंवा खरचटलं तर तो प्रवाह नेटवर्क केबलवरून तुमच्या लॅपटॉपपर्यंत आणि हातापर्यंत येऊ शकतो. दुसरी गोष्ट त्रासाची, जी वर सांगितली. वेगळा पाइप, वेगळा बॉक्स. समांतर जाताना फूटभर अंतर ठेवलं तर उत्तम. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा.

चाळीतलं किंवा जुन्या इमारतीतलं घर आहे. भिंत फोडायची नाही. काय करू?

गिरगाव, लालबाग, दादरच्या जुन्या इमारतींच्या जाड भिंतींना झिरी मारायच्या भानगडीत पडूच नका. भाराच्या भिंतीला आडवी झिरी मारणं हे इमारतीलाही चांगलं नाही. पीव्हीसीची केसिंग पट्टी दाराच्या चौकटीला आणि स्कर्टिंगला लागून नेली, नीट कापून जोडली आणि भिंतीच्या रंगात रंगवली की डोळ्यांना खुपत नाही. जॅकसाठी भिंतीवर बसणारे बॉक्स मिळतात. लाकडी तक्तपोशीला चुका ठोकताना चूक केबलमधून जात नाहीये ना, हे प्रत्येक वेळी बघा.

केबल ओढताना काय सांभाळायचं?

ओढण्याचा जोर ११ किलोच्या पुढे जाऊ नये. अडकली तर झटका न देता मागे घ्या आणि दुसऱ्या माणसाला पलीकडून भरवायला सांगा. जास्त ताण दिला की पीळ लांबतो. बाहेरून काही दिसत नाही आणि केबल कायमची बिघडते. वळण केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्येचं ठेवा, कॅट ६ साठी साधारण एक इंच. पाइपात कोपऱ्यावर काटकोनी एल्बो बसवू नका, लांब बेंड बसवा.

प्लास्टिकचे टाय करकचून आवळायची सवय सगळ्यांना असते. आवळलेल्या टायखाली जोड्या चपट्या होतात. वेल्क्रोची पट्टी वापरा, तीही सैल. आणि दोन्ही टोकांना हातभर केबल जादा सोडा, जॅक पुन्हा करायची वेळ आली तर लागतेच.

रंगांचा क्रम ए लावायचा की बी?

ए आणि बी हे प्लगमध्ये तारा लावायचे दोन ठरलेले क्रम. दोन्ही बरोबर. दोन्ही टोकांना एकच असला म्हणजे झालं. इथे बहुतेक जण बी लावतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ए मध्ये नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल होते, बाकी तेच.

क्रम नीट बघा: हिरवी जोडी ३ आणि ६ वर जाते, तिच्या मध्ये निळी बसते. नेमकी इथे घोळ होतो. काही वायरमन सोपं जावं म्हणून जोड्या ओळीने लावतात, म्हणजे नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि दोन्ही टोकांना तसंच करतात. 'दोन्हीकडे सारखं आहे, मग काय बिघडलं?' असं विचारतात. लॅन टेस्टरवर आठही दिवे एकामागून एक लागतात, कारण प्रत्येक तार आपापल्या जागी पोहोचलेली असते. पण कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाच्या दृष्टीने ३ आणि ६ ही जोडी आहे, आणि आता त्या दोन तारा एकमेकींशी पिळलेल्याच नाहीत. एक हिरव्या जोडीतली, दुसरी निळ्या जोडीतली. सिग्नल शेजारच्या जोडीत झिरपतो. तीन-चार मीटरच्या तुकड्यावर कदाचित काही जाणवणार नाही. वीस मीटरवर व्हिडिओ कॉल अडखळतो, फाइल मध्येच थांबते, आणि दोष बिचाऱ्या इंटरनेट कंपनीवर जातो. असा संशय आला तर कनेक्टर उजेडासमोर धरा. पारदर्शक प्लास्टिकमधून तिसरी, चौथी, पाचवी, सहावी तार सरळ दिसते. तिथे पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा असं दिसलं पाहिजे.

आणि सोलताना पीळ उलगडायचा तो फक्त १३ मिलिमीटरपर्यंत, अर्ध्या इंचाच्या आत. दोन इंच तारा मोकळ्या करून त्या सरळ करत बसलेला माणूस दिसला तर त्याला तिथेच थांबवा. केबलचं बाहेरचं जॅकेट कनेक्टरच्या आत शिरलेलं हवं. तारा बाहेर लोंबकळत असतील तर पहिल्याच ओढाताणीत सुटतील.

भिंतीतून आलेल्या केबललाच थेट प्लग लावला तर चालतं का?

चालतं, टिकत नाही. सॉलिड तार सारखी हलली की तुटते. भिंतीत कीस्टोन जॅक आणि त्यावर फेसप्लेट (झाकणाची पट्टी) लावा, तिथून पॅच कॉर्ड घ्या. छतातला कॅमेरा किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट याला अपवाद, तिथे केबल हलत नाही, थेट प्लग ठीक आहे. समुद्राजवळ, म्हणजे वरळी, वर्सोवा, बँडस्टँडसारख्या ठिकाणी, जॅक आणि प्लग चांगल्या कंपनीचेच घ्या. पिन्सवर ५० मायक्रोइंच सोन्याचा मुलामा असलेले मागा. पातळ मुलाम्याच्या पिन्सवर खारी हवा लवकर हिरवट थर चढवते.

केबल मध्येच कमी पडली. जोड देता येईल?

तारा पिळून, वर टेप गुंडाळून अजिबात नाही. नवीन केबल ओढणं सगळ्यात चांगलं. तेच शक्य नसेल तर जिथे हात पोहोचेल अशा जागी बॉक्स बसवून दोन जॅक आणि मध्ये छोटी पॅच कॉर्ड.

१०० मीटरची मर्यादा कशी मोजायची?

भिंतीतली पक्की केबल ९० मीटर, दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १०. तळमजल्याच्या सोसायटी ऑफिसपासून टॉवरच्या गच्चीवरच्या कॅमेऱ्यापर्यंत हिशेब करताना आडवं अंतर आणि वळणं लोक विसरतात. शिवाय हे आकडे २० अंश तापमानाचे आहेत. त्यापुढे दर अंशाला सिग्नलची घट साधारण ०.४ टक्क्याने वाढते. मे महिन्यात गच्चीवरच्या बंद पाइपात काय तापमान असतं ते वेगळं सांगायला नको. अशा ठिकाणी ७५-८० मीटरच्या पुढे जाऊ नका, मधल्या मजल्यावर स्विच ठेवा.

टेस्टरवर आठही दिवे लागले. म्हणजे काम चांगलं झालं ना?

म्हणजे तारा जोडलेल्या आहेत, एवढंच. स्वस्तातला टेस्टर फाटलेली जोडी (वर सांगितलेला ३ आणि ६ चा घोळ), ताणलेला पीळ किंवा सीसीए ओळखत नाही. ऑफिसचं मोठं काम असेल तर कंत्राटदाराकडून सर्टिफायर मशीनचा (केबल मानकात बसते का ते मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट मागा, प्रत्येक पॉइंटचा वेगळा. ही अट कोटेशनमध्येच लिहा, काम झाल्यावर मागितली तर तिचे वेगळे पैसे लागतील.

घरी दोन लॅपटॉप आणि आयपर्फ हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. दोन्ही टोकांना एकेक लॅपटॉप लावून दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. गिगाबिटच्या लाइनवर ९४० एमबीपीएसच्या आसपास स्थिर आकडा यायला हवा. तो मध्येच गडगडत असेल तर आधी दोन्ही टोकांचे जॅक पुन्हा करा.

माझा प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, पण केबलवर ९५ च्या वर जातच नाही.

आठपैकी एखादी तार सुटली आहे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. म्हणून निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली तर लाइन बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते. कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. तिथे १००० ऐवजी १०० दिसलं तर आधी पॅच कॉर्ड बदला, मग जॅक, मग भिंतीतल्या केबलकडे या. फोटोफ्रेमसाठी ठोकलेला खिळा हे कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

कॅमेरे दिवसा चालतात आणि रात्री बंद-चालू होतात. केबलशी संबंध असेल का?

दाट शक्यता आहे. हे कॅमेरे केबलवरूनच वीज घेतात, म्हणजे पीओई. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि विजेची मागणी वाढते. केबल सीसीए असेल किंवा जोड कच्चा असेल तर वाटेतच व्होल्टेज पडतं, कॅमेरा बंद होतो, दिवे विझल्यावर मागणी कमी होते, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, आणि रात्रभर हेच.

२००३ च्या पहिल्या मानकात स्विच प्रत्येक पोर्टला १५.४ वॉट देत होता, २००९ मध्ये ३०, आणि २०१८ च्या मानकात ९० वॉटपर्यंत. इतकी वीज बारीक तारांतून जाणार असेल तर तांब्याला पर्याय नाही, आणि एका जुडग्यात २४ पेक्षा जास्त केबल्स बांधू नयेत. मधल्या केबल्स तापतात.

पावसाळ्यात बाहेरून केबल न्यायची आहे.

घरातली राखाडी पीव्हीसीची केबल बाहेर नेऊ नका. उन्हाने तिचं जॅकेट तडकतं, मग जूनमध्ये पाणी आत शिरतं आणि तारांच्या कडेकडेने मीटरच्या मीटर पुढे सरकतं. बाहेरसाठी काळ्या पॉलिथिन जॅकेटची, उन्हाला टिकणारी केबल मिळते. पाइपात पाणी साचण्याची शक्यता असेल तर आत जेल भरलेली घ्या. भिंतीला भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून गळून पडेल, घरात येणार नाही. भोक सिलिकॉनने बुजवा.

ए विंगमधून बी विंगमध्ये केबल नेता येईल का? अंतर ६० मीटरच आहे.

अंतर बसतंय, तरी तांब्याची नेऊ नका. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, आणि मे अखेरच्या किंवा ऑक्टोबरच्या विजांच्या पावसात जवळपास वीज पडली तर त्या केबलवरून दोन्हीकडचे स्विच आणि रेकॉर्डर एकदम जातात. दोन इमारतींच्या मध्ये फायबर टाका. काचेतून वीज जात नाही. फक्त आत धातूची तार किंवा चिलखत नसलेली फायबर मागा.

उंदीर केबल कुरतडतात.

शाफ्टमध्ये आणि तळमजल्यावर जाड पाइप किंवा लोखंडी ट्रे हाच उपाय, पाइपाची तोंडं बंद करून. फवारे आणि गोळ्यांवर विसंबू नका.

ऑफिसच्या फॉल्स सीलिंगमध्ये कुठलं जॅकेट?

एलएसझेडएच, म्हणजे कमी धूर करणारं आणि हॅलोजन नसलेलं. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडतं. आगीत माणसं बहुधा धुराने गुदमरतात, आणि लोअर परळ किंवा अंधेरीच्या बंद काचांच्या इमारतीत धूर बाहेर जायला वाटच नसते. किमतीत थोडा फरक पडतो, तो द्या. आणि केबल सीलिंगच्या टाइल्सवर टाकून देऊ नका, ट्रे किंवा हुक लावून घ्या.

काम संपल्यावर पैसे देण्याआधी काय बघू?

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर, आणि तोच नंबर फेसप्लेटवर. घराचा नकाशा, अगदी हाताने काढलेला चालेल, त्यावर पाइप कुठून गेलेत ते. भिंत बुजवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवले असतील तर उत्तम. प्रत्येक पॉइंटवर लॅपटॉप लावून १००० चा लिंक स्पीड. एक-दोन फेसप्लेट उघडून पीळ किती सोडलाय ते. उरलेली केबल मागून घ्या, ती तुमच्या पैशांची आहे, आणि तिच्यावर ब्लेडची तपासणी पुन्हा एकदा करा. दाखवायला आणलेला बॉक्स एक आणि भिंतीत गेलेला दुसरा, असं होऊ शकतं.

आधीची कॅट ५ई भिंतीत आहे. काढून टाकू?

शुद्ध तांब्याची असेल आणि आयपर्फवर ९४० देत असेल तर राहू द्या. फक्त जॅक जुने झाले असतील तर बदला. तिच्यावर २.५ गिगाबिटचा स्विच लावून बघायलाही हरकत नाही, नवे अ‍ॅक्सेस पॉइंट बऱ्याचदा त्याच पोर्टचे येतात. सीसीए निघाली तर मात्र पाइप शाबूत असताना, तिलाच नवी केबल बांधून ओढून घ्या. एका बाजूने जुनी बाहेर, दुसऱ्या बाजूने नवी आत. पाइपात वळणं जास्त नसतील तर दोन माणसांचं काम आहे.